मुलांचा स्वयंपाक वेगळा नसतो, फक्त आधी काढायचा असतो

घरात वर्ष-दीड वर्षाचं पोर असलं की ओट्यावर दोन स्वयंपाक सुरू होतात. एका बर्नरवर मोठ्यांची आमटी, दुसऱ्यावर बाळाची खिचडी. शिवाय बाळाचा वेगळा छोटा कुकर, वेगळं मिक्सरचं भांडं, वेगळी गाळणी. संध्याकाळी सातला कामावरून आलेल्या माणसाने हे सगळं रेटायचं आणि पोराने दोन घास खाऊन तोंड फिरवायचं. माझं मत विचाराल तर सात-आठ महिन्यांच्या पुढच्या धडधाकट मुलासाठी हा दुसरा स्वयंपाक करायची गरजच नाही. आपल्या घरात रोज शिजतं तेच शिजवावं आणि तिखट-मीठ पडायच्या आधी त्याच्या वाटणीचं बाजूला काढावं. कधी काढायचं एवढंच कळायला हवं. (ॲलर्जी आहे, वजन भरत नाही, गिळायला त्रास होतो, अशा मुलांची गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टर सांगतील तसं.)

सुरुवात कुकरपासून. चार माणसांना पाऊण वाटी तूर डाळ आणि दीड वाटी तांदूळ पुरतो. डाळ दोन-तीन पाण्यांनी धुवायची, वेळ असेल तर अर्धा तास भिजवायची. डाळीच्या तिप्पट पाणी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग आणि अर्धा चमचा तेल. हे तेल चवीसाठी नाही, डाळीचा फेस बसवायला आहे. तो फेस शिट्टीच्या भोकात शिरला की कुकरचं झाकण, शेगडी आणि मागच्या टाइल्स सगळं पिवळं होतं. त्याच कारणाने डाळ डब्याशिवाय थेट कुकरमध्ये लावत असाल तर कुकर अर्ध्याच्या वर भरू नये. डबे लावत असाल तर तळाला दीड-दोन वाट्या पाणी हवंच. ते आटलं की सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो आणि रात्रीचं जेवण बाहेरून मागवावं लागतं.

शिट्ट्या मोजण्यावर आपला फार विश्वास. पण शिट्टी म्हणजे वेळ नव्हे. मोठ्या आचेवर चार शिट्ट्या भराभर होतात आणि डाळ मधे कचकचीत राहते. कुकरच्या आत साधारण 120 अंशांपर्यंत तापमान जातं आणि डाळ शिजते ती त्या तापमानात किती वेळ राहिली त्यावर. म्हणून पहिली शिट्टी मोठ्या आचेवर होऊ द्यावी, मग गॅस बारीक करून दहा-बारा मिनिटं ठेवावं, बंद करावं आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. शिट्टी चिमट्याने उचलून वाफ काढली की ही मुरण्याची दहा-पंधरा मिनिटं फुकट जातात. डाळ घोटली जात नाही ती बहुतेक वेळा इथेच.

तरीही डाळ शिजत नसेल तर दोष पाण्यात शोधा. बोअरवेलच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीचं साल-गर घट्ट धरून ठेवतं. डाळीपुरतं आरओ फिल्टरचं पाणी वापरून बघा, फरक त्याच दिवशी दिसेल. दुसरं कारण म्हणजे जुनी डाळ. उन्हाळा-पावसाळा डब्यात काढलेली तूर कितीही शिजवा, मऊ पडत नाही. ती मोठ्यांच्या आमटीला ठेवावी, मुलांसाठी नवी आणावी किंवा सरळ मूग डाळ लावावी, तिचे एवढे नखरे नसतात. तिसरं कारण आंबट. टोमॅटो, चिंच, आमसूल यातलं काहीही कुकर लावतानाच घातलं की डाळ अडून बसते. आणि खायचा सोडा? तो घातला की डाळ पटकन मऊ होते हे खरं, पण त्यात बी-वन जीवनसत्त्वाचा नाश होतो. मुलाच्या डाळीत तर नकोच.

भाताचं प्रमाण तांदळावर ठरतं. जुन्या कोलमला दुप्पट-सव्वादोनपट पाणी, नव्या इंद्रायणीला पावणेदोनपट बास. आंबेमोहोर, इंद्रायणी, आजऱ्याचा घनसाळ हे तांदूळ जात्याच मऊ आणि चिकट, मुलांच्या घरात हेच बरे. बासमती सुटा राहतो आणि तोच सुटा दाणा वर्षाच्या मुलाच्या घशाशी जातो. गुरगुट्या भातासाठी वेगळा कुकर लावू नका. शिजलेल्या गरम भातातला दोन डाव भात छोट्या पातेल्यात घ्या, अर्धी वाटी उकळतं पाणी घाला, डावाच्या पाठीने रगडा आणि झाकून बारीक गॅसवर तीन-चार मिनिटं ठेवा. भात गरम असतानाच रगडायचा. निवल्यावर त्यातली पिष्टं (स्टार्च) घट्ट होतात, मग कितीही चेचलं तरी कण्या राहतात. मिक्सरमधून काढला तर खळ होते, ती मुलं जिभेने बाहेर ढकलतात आणि आपण म्हणतो, याला भात आवडत नाही.

मिक्सरचं आणखी एक. सहा-सात महिन्यांना गुळगुळीत चालतं, पण नऊ-दहा महिन्यांपर्यंत बोटाने चेपलेलं, थोडं दाणेदार खायची सवय लागलेली बरी. सगळंच गाळून, वाटून देत राहिलं तर पुढे दोन वर्षांचं मूल पोळीचा तुकडा तोंडात आला की ओकारी काढतं.

आता डाळ घोटा. रवीने, नाहीतर डावाने. इथे तीन थांबे आहेत आणि या पोस्टचा जीव एवढ्यातच आहे. पहिला थांबा: घोटलेलं, बिनमिठाचं घट्ट वरण. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याची वाटी इथे काढा. त्या वयात वरून मीठ-साखर घालायची गरज नसते आणि मध तर वर्ष होईपर्यंत अजिबात नाही, बोटुलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो, चाटवायलासुद्धा नको. दुसरा थांबा: मीठ आणि बोटभर गूळ घालून एक उकळी आलेलं गोडं वरण. दीड-दोन वर्षांपुढच्या मुलाची वाटी इथे. मीठ मात्र मोठ्यांच्या अंदाजाच्या निम्मं घाला, उरलेलं नंतर आमटीत जाईल. तिसरा थांबा म्हणजे फोडणी, गोडा मसाला, आमसूल, तिखट: मोठ्यांची आमटी. एकच डाळ, एकच पातेलं, मधे दोन वाट्या बाहेर. यात कसलं कौशल्य नाही, त्यामुळे घरातल्या पुरुषमंडळींनाही हे जमायला हरकत नसावी. वाटी काढली नाही आणि तिखट पडलं, हा घोळ बहुतेक घरांत होतो तो स्वयंपाक एकाने करायचा आणि भरवायचं दुसऱ्याने म्हणून.

वरणाच्या वरचं पाणी द्यायची पद्धत मात्र बंद व्हायला हवी. "बाळाला डाळीचं पाणी सुरू केलंय" असं अजूनही कौतुकाने सांगितलं जातं. आजी, काकू, शेजारच्या मावशी सगळ्या प्रेमानेच सांगतात, पण त्या पाण्यात हळद आणि रंग असतो, डाळ खाली बसलेली असते. बाळाचं पोट मुठीएवढं. ते पाण्याने भरलं की खऱ्या अन्नाला जागा उरत नाही. वरण एवढं दाट हवं की चमचा तिरका केला तरी पटकन ओघळू नये. थोडं पातळ हवं असेल तर तूप घालून सैल करा, पाणी ओतून नाही. वाटीभर वरण-भाताला एक चमचा साजूक तूप म्हणजे लाड नव्हेत, थोडक्या अन्नातून पुरेशी ताकद मिळायची ती सोय आहे. आणि ताटात वाढल्यावर लिंबाचे चार थेंब पिळा. डाळीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व लागतं. उकळत्या वरणात लिंबू पिळलं तर त्यातलं बरंच उडून जातं, म्हणून वरून. उलट जेवणासोबत चहा पाजला तर आहे ते लोहही अडतं. बशीतला चहा लहान मुलाला देणाऱ्यांना काय म्हणावं ते मी इथे लिहीत नाही.

भाजीला नियम थोडा बदलतो. तिखटाचा झोंबणारा अंश तेलात विरघळतो. फोडणीत मिरची किंवा लाल तिखट पडलं की ते तेलाबरोबर प्रत्येक फोडीला लागतं, मग "मिरच्या बाजूला काढून देते" म्हणण्यात काही अर्थ नाही. म्हणून फोडणीत तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद एवढंच. दुधी, लाल भोपळा, दोडका, बटाटा, जे असेल ते त्यात परतून, झाकणावर पाणी ठेवून शिजवा. मुलाचं काढून घ्या. मग कढल्यात दोन चमचे तेल तापवा, गॅस बंद करा, दहा सेकंद थांबा आणि तिखट घालून ती फोडणी वरून ओता. गॅस बंद न करता तिखट टाकलं तर ते करपतं, कडवट होतं आणि घरभर ठसका लागतो. उसळीलाही हीच रीत. मोड आलेले मूग दोन वर्षांच्या आतल्या मुलाला चेपूनच द्या. अख्खे दाणे, शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं ही चार-पाच वर्षांपर्यंत घशात अडकायच्या यादीतली. भाजीत दाण्याचं कूट घाला, अख्खा दाणा नको. कढीपत्त्याचं पानही काढून टाका, ते टाळ्याला चिकटतं आणि मूल घाबरून पुढचा घास घेत नाही.

आणि चुकून तिखट लागलंच तर पाणी पाजून उपयोग नाही, दही किंवा दूध द्या.

काही दिवशी भाजीसुद्धा होत नाही. त्या दिवसांसाठी मेतकुटाचा डबा भरलेला असावा. हरभरा डाळ एक वाटी, उडीद डाळ अर्धी, मूग डाळ, तांदूळ आणि गहू प्रत्येकी पाव वाटी, धणे आणि जिरं एक-एक चमचा, मोहरी अर्धा, मेथ्या पाव चमचा. प्रत्येक जिन्नस वेगळा आणि बारीक आचेवर भाजायचा. सगळं एकत्र टाकलं तर जिरं जळतं आणि हरभरा डाळ कच्ची राहते. कच्च्या डाळीचं मेतकूट पिठूळ लागतं आणि मुलांचं पोट बिघडवतं. डाळ चावून बघा, कुडकुडीत तुटायला हवी. मेथ्या गुलाबी झाल्या की काढा, पुढे गेल्या तर अख्खा डबा कडू. पूर्ण गार झाल्यावरच दळा, कोमट दळलं तर वाफ धरून गोळे होतात. मग अर्धा चमचा सुंठ, एक चमचा हळद, अर्धा चमचा हिंग मिसळा. सुक्या मिरच्या आणि मीठ घालूच नका. मोठ्यांना हवं तर ताटात घेतील. गुरगुट्या भात, तूप, दोन चमचे मेतकूट: थकलेल्या दिवशी याच्यापुढे काहीही करायची गरज नाही आणि त्याबद्दल अपराधी वाटायचीही नाही. बाजारातल्या "फक्त गरम पाणी घाला" पावडरींपेक्षा हे कैक पटींनी स्वस्त पडतं आणि आत काय आहे ते वाचायला भिंग लागत नाही.

राहिला प्रश्न "पोरगं काही खातच नाही"चा. आधी दिवसभराचं दूध आणि बिस्किटं मोजा. वर्षापुढच्या मुलाने दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध प्यायलं की भूक मरते, शिवाय लोहाची कमतरता येऊ शकते. जेवणाआधी दीड-दोन तास पाण्याशिवाय काही नको. नवी भाजी पहिल्यांदा थुंकली म्हणजे आवडत नाही असं नव्हे, आठ-दहा वेळा, तेही वेगवेगळ्या दिवशी, ताटात यावी लागते. त्यावर लगेच दूध-पोळी कुस्करून दिली की मूल दोन दिवसांत शिकतं, नाही म्हटलं की दूध-पोळी येते. काय आणि कधी हे आपण ठरवावं, किती हे त्याच्यावर सोडावं. मोबाइल समोर धरून भरवलेली वाटी संपते खरी, पण पोट भरल्याचं त्याला कळत नाही.

उरलेल्या भाताचं नीट करा. भाताबरोबर येणारे काही जिवाणू शिजवूनही मरत नाहीत आणि ओट्यावर रात्रभर राहिलेल्या भातात त्यांचं विष तयार होतं, ते परत गरम केल्यानेही जात नाही. जेवणं झाल्यावर तास-दोन तासांत भात पसरट भांड्यात फ्रिजमध्ये जायला हवा, दुसऱ्या दिवशी एकदाच चांगला वाफवून संपवायचा. वरण उरलं तर सकाळी त्याचे पराठे होतात. वाटीभर घट्ट वरणात मावेल तेवढी, साधारण दोन वाट्या कणीक, ओवा, तीळ, चमचाभर तेल. पाणी लागतच नाही. मुलाचे दोन उंडे आधी तोडून घ्या, मग उरलेल्या पिठात तिखट-मीठ आणि लसूण चुरून मळा. हे पीठ रात्री भिजवून ठेवू नका, वरणामुळे सैल पडतं आणि सकाळी पोळपाटाला चिकटतं. तवा तापत ठेवायचा आणि तेव्हाच मळायचं.