‘झोपलेलं’ कॅस्पेज आणि हळद-मिरीचा चमचा

मंगळवारी सकाळीच कोल्हापुरातल्या, राजारामपुरीतल्या मावशीचा फोन. “अरे, कॅन्सरच्या गोळ्या थांबवून 21 दिवस हळद-मिरी घेऊन बघू काय?” तिला आलेला मेसेज मला आमच्या तालमीच्या ग्रुपवरही आला होता. मजकूर थोडक्यात असा: कॅन्सरच्या पेशीत कॅस्पेज नावाचं एन्झाइम झोपलेलं असतं, रिकाम्या पोटी हळद-मिरी घेतली की ते जागं होतं आणि फक्त कॅन्सरच्याच पेशी मारतं, 2002 चं नोबेल याच शोधाला, साइड इफेक्ट शून्य. शेजारी सांगलीसारखी हळदीची पेठ, त्यामुळं आपल्याकडं हे पटकन गळी उतरतं.

नोबेलचं आधी उरकतो. ब्रेनर, होर्विट्झ आणि सल्स्टन यांना ते मिळालं, पण काम होतं मिलिमीटरभर लांबीच्या एका सूत्रकृमीवर. त्याच्या अंगात तयार होणाऱ्या 1090 पेशींपैकी 131 ठरल्या वेळी मरतात आणि त्या मरणाची जनुकं असतात, हे त्यातून कळलं. हळदीचा संबंध नाही.

खरा घोळ ‘झोपलेलं’ या शब्दात आहे. कॅस्पेज म्हणजे इतर प्रथिनं कापून पेशीला मारणारी कात्री. ते तुमच्या-माझ्या धडधाकट पेशींतही निष्क्रिय रूपात पडून असतं, आणि त्याच्यावर एकावर एक कुलपं असतात. मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे पेशीच्या वीजघरातून, सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन बाहेर पडलं, तर अ‍ॅपाफ-1 या प्रथिनाचे सात रेणू चक्रासारखे जुळतात. त्या चक्रावर कॅस्पेज-9 सक्रिय होतं आणि ते कॅस्पेज-3 ला चिरून कामाला लावतं. तिथंही एक्सआयएपी नावाचं प्रथिन दोघांना धरून बसलेलं. मायटोकॉन्ड्रियाचं दार बीसीएल-2 या प्रथिनांच्या घराण्याच्या ताब्यात. शिवाय ‘जगा, वाढा’ असे निरोप येत असले की एकेटी नावाचं काइनेज (फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम) बॅड या मरणाच्या बाजूच्या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवून त्याला गप्प बसवतं. कॅन्सरमध्ये बऱ्याचदा कॅस्पेज शाबूतच असतं, पहारा मात्र नको तितका कडक झालेला असतो.

कुलपं निघाली की काय होतं, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखं असतं. गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळताना जसे फुगे उठतात-बसतात, तसा पेशीचा पडदा फुगायला लागतो. कारण कॅस्पेज-3 रॉक-1 या काइनेजची शेपटी तोडतं. ती शेपटी म्हणजेच त्याचा लगाम. ती गेली की रॉक-1 बेफाम होऊन पेशीचा सांगाडा आवळत सुटतं. पीकेसी-डेल्टा या दुसऱ्या काइनेजचंही तसंच, तुकडा पडला की ते कायमचं चालू. उलट एकेटीला कापलं की ते थंड पडतं. म्हणजे एकच कात्री जगवणाऱ्या एन्झाइमांना बंद करते आणि मारणाऱ्यांना मोकाट सोडते. मला तरी हे त्या मेसेजपेक्षा दसपट भारी वाटतं.

आता ‘फक्त कॅन्सरच्या पेशी’. कॅस्पेज-3 प्रथिनातल्या ठरावीक अ‍ॅस्पार्टिक आम्लापाशी (प्रथिनाच्या साखळीतल्या एका दुव्यापाशी) कापतं. आपण कुणाच्या पेशीत आहोत हे त्याला कळत नाही. बीसीएल-2 चं कुलूप काढणारं खरं औषध आहे, व्हेनेटोक्लॅक्स. अमेरिकेत 2016 पासून ते एका रक्ताच्या कॅन्सरसाठी मान्य आहे. त्या आजारात ते रोज 20 मिलिग्रॅमपासून सुरू करून पाच आठवड्यांत 400 पर्यंत चढवतात. पेशी एकदम मेल्या तर त्यांच्यातलं पोटॅशियम रक्तात उतरतं, युरिक आम्ल वाढतं, आणि मूत्रपिंड व हृदयाच्या जिवावर बेतू शकतं. चांगल्या पांढऱ्या पेशीही कमी होतात. साइड इफेक्ट शून्य म्हणे!

हळदीबद्दलचा एक धागा खरा आहे. काचेच्या ताटलीतल्या कॅन्सरपेशींवर हळदीतलं करक्युमिन हे द्रव्य ओतलं तर कॅस्पेज-3 सक्रिय झालेलं दिसतं. पण हळदीत करक्युमिन शेकड्याला दोन-चार भागच, आणि पोटातून ते रक्तात जेमतेम पोचतं. मिरीतल्या पायपरीनमुळं ते प्रमाण बरंच वाढतं, हेही खरं; पण नगण्याच्या वीसपट झालं तरी ताटलीतल्या मात्रेची बरोबरी होत नाही. आणि जी एन्झाइमं करक्युमिनची विल्हेवाट लावतात, त्यांच्याबरोबर औषधं पचवणारी एन्झाइमंही पायपरीन अडवतं. कॅन्सरची गोळी चालू असताना चमच्याचमच्यानं मिरी खायला माझा विरोध आहे तो यासाठी.

मावशीला एवढं सगळं सांगितलं नाही. गोळी एक दिवसही चुकवू नको आणि हा मेसेज तुझ्या डॉक्टरांना दाखव, इतकंच म्हटलं.

“मग पाव किलो मिरी आणलीय तिचं काय करू?”

“पांढऱ्या रश्श्यात घाल. रविवारी येतो.”