विमानातला नकाशा टाइमपास नाही भाऊ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार. मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया पूर्ण वाचली, दोनदा वाचली, आणि उत्तर लिहायला बसलो तर ते इतकं लांबत गेलं की वेगळंच टाकून राहिलो.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की विमानात प्रवाशाला जो नकाशा दाखवतात तो सुधारला पाहिजे, त्यात मराठी पाहिजे आणि आपण नेमके कशावरून चाललो ते कळलं पाहिजे. त्यावर भाऊंचं म्हणणं असं की इथं एसटी वेळेवर येत नाही आणि तुम्ही विमानातल्या नकाशाचं घेऊन बसले, खेड्यातले किती लोक विमानात बसतात, कुठं चाललो ते पायलटला माहीत आहे तेवढं पुरे, आपल्याकडच्या विमानात सीटला स्क्रीनच नसतो, आणि तसाही तो नकाशा खोटा, सरळ जायचं सोडून कमानीसारखा रस्ता दाखवते. शेवटी विचारलं की दिवाळीनंतर पोराकडे पुण्याला पहिल्यांदाच विमानानं जायचं आहे, तर नागपूरहून बसताना खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी.

एसटीचं आधी घेतो. एसटी वेळेवर यावी हे मलाही तितकंच पाहिजे. पण स्टँडवर दोन तास उभा राहणारा माणूस कंट्रोलरच्या खिडकीत मान घालून काय विचारते? गाडी कुठपर्यंत आली. बस, एवढंच. मी विमानातल्या माणसासाठी तेच मागून राहिलो, की गाडी कुठपर्यंत आली ते त्याला त्याच्या भाषेत सांगा. एक मागितलं म्हणजे दुसरं सोडलं असं काहून समजायचं?

आता खेड्यातले किती लोक विमानात बसतात हा मुद्दा. भाऊ, नागपूरच्या विमानतळावर सकाळी जाऊन बघा. पोरगी हैदराबादला, तिच्या बाळंतपणाला निघालेली आई, सोबत लाडवाचा डबा. टाटा हॉस्पिटलला मुंबईला पेशंट घेऊन चाललेले लोक. बंगलोरला पहिल्या नोकरीवर चाललेला पोरगा, त्याला सोडायला अर्धं घर आलेलं. हजला जाणारे विदर्भातले किती तरी म्हातारे-म्हाताऱ्या तर आयुष्यात पहिल्यांदा विमानात चढतात ते नागपूरहूनच. यातल्या बहुतेकांना इंग्रजी जेमतेम, आणि नकाशा बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर मात्र लॅपटॉपवाला, महिन्याला चार वेळा उडणारा माणूस असते. ज्याला रस्ता पाठ आहे त्याच्यासाठी नकाशा, आणि ज्याला काहीच माहीत नाही तो आंधळ्यासारखा बसलेला, हे उलटं आहे.

प्रवाशाला काय पाहिजे ते विचारलं की नकाशा कसा बदलते याचं चांगलं उदाहरण आखाती देशांच्या विमानांत आहे. तिथल्या बऱ्याच विमान कंपन्यांच्या नकाशात मक्का कोणत्या दिशेला आहे ते बाणानं दाखवतात, विमान वळलं की बाणही वळते, कारण नमाज पढणाऱ्याला ते लागते. कोणी तरी प्रवाशाची गरज ओळखली आणि ती स्क्रीनवर आली. मग पहिल्यांदा बसणाऱ्याची गरज काहून येऊ शकत नाही?

ती गरज काय असते ते मी आत्याबाईसोबत पाहिलं. तिला घेऊन पुण्याला जात होतो, विमानात स्क्रीन नव्हता, ती खिडकीशी आणि दोन्ही हातांनी सीटचा दांडा धरलेला. मी घरूनच फोनमध्ये महाराष्ट्राचा ऑफलाइन नकाशा उतरवून घेतला होता, फोन फ्लाइट मोडवर टाकून खिडकीला टेकवला तर थोड्या वेळानं निळा ठिपका हलायला लागला. मी म्हटलं, आत्याबाई हे पुलगाव येऊन राहिलं. तिचं सासर पुलगावचं. तिनं दांडा सोडला आणि काचेला नाक लावलं. खाली रेतीचा पांढरा पट्टा आणि मधून पाण्याची बारीक धार, त्याच्यावर रेल्वेचा पूल काडीएवढा. "ही आपली वर्धा का रे?" हाव, आपलीच. मग पूल कोणता, आपली शाळा कोणत्या बाजूला, धामणगाव कुठं, एकामागून एक सुरू झालं, आणि पुढं कोणतं गाव येते हे ती वाशिमपर्यंत विचारत होती, जसं एसटीत कंडक्टरला विचारते तसं. भीती कुठं गेली ते तिलाही कळलं नाही. त्या फोनमध्ये काही जादू नव्हती, ओळखीचं नाव होतं आणि ते देवनागरीत होतं म्हणून तिला स्वतःला वाचता आलं.

म्हणून पायलटला माहीत आहे तेवढं पुरे हे मला पटत नाही. आणि विमान कंपन्यांनाही ते कधी पुरेसं वाटलं नाही बरं का. स्क्रीन यायच्या आधीच्या काळात कॅप्टनकडून एक छापील कागद भरून केबिनमध्ये यायचा, आता आपण इथं आहोत, उंची एवढी, वेग एवढा, अमुक वाजता पोहोचू, आणि तो कागद एका हातातून दुसऱ्या हातात फिरायचा. 1982 च्या सुमारास एअरशो नावाचा हलता नकाशा आला आणि तेच काम पडद्यावर व्हायला लागलं. त्या नकाशाला लागणारी माहिती, म्हणजे जागा, उंची, वेग, दिशा, बाहेरचं तापमान, ही विमानाच्या स्वतःच्या यंत्रणेतूनच येते, प्रवाशासाठी वेगळं काही मोजावं लागत नाही. माल तयार आहे, फक्त वाढणाऱ्यानं कोणासमोर ताट मांडलं याचा विचार केला पाहिजे.

स्क्रीन नसण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. देशातल्या देशात उडणाऱ्या छोट्या विमानांत बहुतेक ठिकाणी सीटला स्क्रीन नसतो, तो लावला की वजन वाढते, वायरिंग वाढते, इंधन लागते, दुरुस्ती लागते. पण आता विमानातल्या वायफायवरून आपल्याच फोनवर पिक्चर आणि नकाशा दाखवायची सोय काही कंपन्यांनी केली आहे, त्याला विमानाबाहेरचं इंटरनेट लागत नाही, विमानातल्याच एका डब्यातून ते येते. म्हणजे स्क्रीन प्रवाशाच्या खिशात आहे आणि भाषा वाढवायला वजन लागत नाही. आणि जिथं तेही नाही तिथं आत्याबाईवाला उपाय आहेच. फ्लाइट मोडमध्ये फोन सिग्नल पाठवायचा बंद होते, पण जीपीएस हे फक्त ऐकणारं यंत्र आहे, उपग्रहाकडून येणारं ऐकते, काही पाठवत नाही, म्हणून लोकेशन चालू ठेवलं तर ते चालते. फक्त फोन खिडकीजवळ पाहिजे, मधल्या सीटवर बऱ्याचदा पकडत नाही.

आता त्या कमानीचं, कारण हा गैरसमज लय लोकांचा आहे आणि दोष प्रवाशाचा नाही, नकाशाचा आहे. घरात गोल भोपळा असेल तर त्याच्यावर दोन खुणा करा, दोन्ही वरच्या अर्ध्या भागात, लांब लांब. एका खुणेवरून दुसरीवर सुतळी ताणून धरा. सुतळी आपोआप देठाच्या बाजूनं सरकते, कारण तोच जवळचा रस्ता आहे. पृथ्वीवर मुंबई ते न्यूयॉर्कचा सर्वात जवळचा रस्ता असाच वर उत्तरेकडून जाते. पण तो रस्ता सपाट आयतावर काढला की कमान दिसते आणि माणसाला वाटते की हे फिरवून नेऊन राहिले. सपाट नकाशाची जी पद्धत सगळ्यात ओळखीची आहे ती मर्केटरनं 1569 मध्ये जहाजवाल्यांसाठी काढली, त्यात ध्रुवाकडचा भाग भलताच फुगते. ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसते, खरं तर आफ्रिका त्याच्या 14 पट आहे, अहो आपला भारतच ग्रीनलँडच्या दीडपट आहे. यावर इलाज सोपा आहे, लांबच्या प्रवासात पहिल्यांदा गोल पृथ्वीच दाखवा आणि तिच्यावर रस्ता काढा. नवीन नकाशांत गोल पृथ्वी असते, पण ती चार बटणं दाबल्यावर सापडते. ती आधी पाहिजे.

आणखी एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते, आणि मागच्या लेखात ती राहून गेली होती. उतरायच्या आधी कधी कधी विमानाला हवेतच थांबवतात, धावपट्टी मोकळी नसते म्हणून. विमान थांबू तर शकत नाही, मग ते एका लांबट गोलात फेऱ्या मारते, साधारण चार मिनिटांची एक फेरी. नकाशावर काय दिसते? विमानाचं चित्र उलटं फिरलं, पोहोचायची वेळ वाढली, आणि खाली एक अक्षर नाही. शेजारच्या बाईला वाटते आपण परत चाललो, पलीकडचा माणूस देवाचं नाव घ्यायला लागते. त्या जागी एक ओळ पाहिजे, "उतरायला रांग आहे, विमान फेरी मारत आहे", बस. एवढी एक ओळ लोकांचा अर्धा तास सोपा करेल. मला कोणी विचारलं की एकच सुधारणा निवडा तर मी हीच निवडीन, मराठी नावांच्याही आधी.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. उंची फुटात आणि वेग मैलात दाखवून आपल्या माणसाला काही कळत नाही, किलोमीटर लिहा. 35,000 फूट म्हणजे साडेदहा किलोमीटर, तिथून मोकळ्या हवेत साडेतीनशे किलोमीटरवरचं क्षितिज दिसते हे सांगा, लोक खिडकीकडे वळतील. मे महिन्यात चंद्रपूर 45-46 अंशावर भाजत असते तेव्हा बरोबर त्याच्यावर विमानाच्या उंचीला उणे 40 च्या आसपास थंडी असते, हे पोराला सांगा, तो शाळेत जाऊन सगळ्यांना सांगेल. पोहोचायला किती वेळ राहिला ते एका कोपऱ्यात कायम ठेवा, सहा भाषा आणि दहा चित्रं फिरून परत येईपर्यंत वाट बघायला लावू नका. आणि ज्याला वाचता येत नाही किंवा दिसत नाही त्याच्यासाठी कानात बोलणारा नकाशा ठेवा, मराठीत.

नावांचा मुद्दा मात्र पटकन सोडता येत नाही. काही नकाशांवर समुद्रात बुडालेल्या जहाजांची नावं असतात, टायटॅनिक वगैरे, आणि मला ते आवडते, नुसत्या निळ्या पाण्यात बघायला काही तरी मिळते. पण त्याच नकाशावर नागपूर ते हैदराबाद मधली जागा रिकामी असते. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, पैनगंगा, काही नाही. कोणत्या झूमला कोणतं नाव दाखवायचं ही निवड नकाशा बनवणाऱ्याची असते, तिथं जागा नव्हती असं नाही, कोणाला गरज वाटली नाही. आणि हा भाग काही कोपऱ्यातला नाही. 1949 मध्ये रात्रीची टपाल विमानं सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास चारी बाजूंची विमानं मध्यरात्री नागपूरला येऊन थैल्यांची अदलाबदल करत होती. ज्या मोजणीवर आपल्या देशाचा नकाशा उभा राहिला ती 1802 मध्ये मद्रासहून सुरू करणारा विल्यम लॅम्बटन दक्षिणेकडून मोजत मोजत वर आला आणि 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथंच आहे. ज्या मातीत हा माणूस निजला आहे तिथल्या गावांची नावं नकाशावर असावीत असं मी म्हटलं तर ते जास्तीचं मागणं नाही.

यात आपण नुसती तक्रार करून थांबायची गरजही नाही. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा सगळ्यांनी मिळून भरायचा नकाशा आहे, त्यात प्रत्येक गावाला, नदीला, तलावाला मराठी नावाची वेगळी जागा आहे आणि कोणीही ते भरू शकते. बरेच ऑफलाइन नकाशे तिथूनच माहिती घेतात. आपल्या तालुक्यातल्या कॉलेजच्या पोरांनी चार रविवार बसून हे केलं तर सगळी गावं भरून निघतील. तुम्ही सर्कलमधले जुने पाटबंधारे, नाले नावानिशी ओळखता असं तुमच्या आधीच्या प्रतिक्रियांवरून दिसते, तर भाऊ, या कामात तुमची खरंच मदत पाहिजे. नावं पाठवा, भरायचं मी बघतो.

आणि खिडकीचं. नागपूर ते पुणे नकाशावर सरळ रेष ओढली तर ती पुलगावजवळ वर्धा नदी ओलांडते, यवतमाळ डाव्या हाताला सोडते, वाशिमवरून जाते आणि साधारण अर्ध्या वाटेवर लोणार उजव्या बाजूला दहा-पंधरा किलोमीटरवर राहते. विमान रेषेवरूनच जाईल असं नाही, हवा आणि वाहतूक बघून इकडेतिकडे होते, पण अंदाज बांधायला चालते. लोणारचं विवर जवळपास 1.8 किलोमीटर रुंद आहे, काळ्या जमिनीत हिरव्या पाण्याची गोल वाटी, हवा स्वच्छ असली तर चुकायची नाही. म्हणून जाताना उजवी खिडकी घ्या, म्हणजे तीन-तीन सीटच्या विमानात एफ, आणि येताना डावी, म्हणजे ए. पंखाच्या बरोबर वरची रांग टाळा, खालचं झाकल्या जाते. सकाळचं विमान मिळालं तर उत्तम, दिवाळीनंतर आभाळही मोकळं असते. आणि नकाशा घरच्या वायफायवर आदल्या रात्रीच उतरवून ठेवा, विमानतळावर गडबडीत राहून जाते.