आजवा 212, बादली पाऊण

पावसाळ्यात बडोद्याची माणसं दोन आकड्यांवर जगतात. एक आजवा तलावाच्या पातळीचा, दुसरा काळाघोडा पुलापाशी मोजलेल्या विश्वामित्री नदीच्या पातळीचा, दोन्ही फुटांत. "आजवा 212, काळाघोडा 19" एवढाच मजकूर नातेवाइकांच्या ग्रुपवर पडतो, आणि त्यावर "म्हणजे काय?" असं विचारणारा हमखास पुण्याचा जावई असतो. नदीची धोक्याची पातळी 26 फूट. 2024च्या ऑगस्टात ती 37च्या घरात गेली, तेव्हापासून तर दांडिया बाजारातली शेंबडी पोरंही फुटांत बोलतात. थोडक्यात, पाणी खालून येतं यावर या गावाचा ठाम विश्वास आहे. ते कुणाकडे वरून आलं, तर त्या माणसाला सहानुभूती मिळत नाही.

आम्हाला मिळाली नाही.

रात्रभर वादळ. सकाळी हॉलमधला पंखा गळत होता. स्लॅबच्या हुकापासून निघून, दांडीवरून उतरून, पात्याच्या टोकाशी क्षणभर विचार करून पाणी नेमकं दिवाणावर पडत होतं. ह्यांनी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. हे त्यांनी इतक्या चपळाईने केलं, की लग्नानंतर प्रथमच मला त्यांचं कौतुक वाटलं. सासूबाईंनी दिवाण सरकवून बादली ठेवली आणि ग्रुपवर लिहिलं, "आजवा 212, बादली पाऊण."

पहिला फोन आत्याचा. "अगं, वर मगर नाही ना?"

यात हसण्यासारखं काही नाही. 2024च्या पुरात अकोटा स्टेडियमच्या बाजूला एक मगर घराच्या छपरावर बसलेली साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिली आहे. म्हणून ह्यांना गच्चीवर धाडताना मी हातात काठी दिली. मगर नव्हती. पण तिने पसंत केलं असतं असं तळं होतं, घोटाभर.

मग तज्ज्ञ जमले. गळतीचं एक बरं असतं, ताप आलेल्या माणसाला निदान थर्मामीटर लावून बघतात. इथे तीही अट नाही. साडू म्हणाले, डांबर ओता. मामेभाऊ म्हणाला, कसलंसं केमिकल मिळतं, ब्रशने मारायचं, दहा वर्षं बघायला नको. (हा स्वतः भाड्याने राहतो.) आणि शेजारचे काका. आमची नि त्यांची भिंत एक, गच्चीचा मधला कठडा एक, त्यामुळे मतही एकच असावं असा त्यांचा आग्रह. कमरेवर हात ठेवून त्यांनी पंख्याकडे पाहिलं आणि निकाल दिला, "गळतंय ना? मग त्याच्या बरोबर वर फोडा."

कडिया, म्हणजे इथला गवंडी, बऱ्याच निरोपांनंतर उगवला. पंख्याकडे त्याने पाहुण्यांच्या बाळाकडे पाहतात तेवढंच पाहिलं आणि वर गेला. हे पंख्याच्या बरोबर वर पाय रोवून उभे, जागा चुकू नये म्हणून. तो मात्र थेट दुसऱ्या टोकाला, पावसाच्या पाइपाच्या तोंडापाशी जाऊन बसला.

"तिथे नाही, इथे गळतंय," हे ओरडले.

"साहेब, पाणी तो पोतानो रस्तो शोधी ले."

आणि ते खरंच आहे. स्लॅबमध्ये पाणी शिरतं एकीकडून आणि बाहेर पडतं भलतीकडून. आत विजेच्या तारांचे पाइप पुरलेले असतात, ते सापडले की त्याला राजमार्गच मिळतो, आणि त्या मार्गाचं शेवटचं स्टेशन म्हणजे पंखा. काकांचं ऐकलं असतं तर गच्चीला चांगल्या जागी भोक पडलं असतं.

कडियाने पाइपात कोपरापर्यंत हात घातला आणि ओढत राहिला. मांजा निघाला. मग कामट्या. मग कुजलेल्या कागदाचा लगदा, आणखी मांजा, आणि तिळाच्या चिक्कीचं वेष्टन. म्हणजे उत्तरायण! चौदा जानेवारीला बडोद्यात घरात कोणी नसतं, सगळं गाव गच्चीवर. कठडा एकच असल्याने काकांचे सुरतेचे पाहुणे दोन्ही गच्च्या आपल्याच समजतात. एक पतंग कापला, की "काप्यो छे!" म्हणत सगळे एकदम उड्या मारतात. आमच्या गच्चीवर चायना मोझेक, पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवलेलं. उन्हाळ्यात उन्हाला परतवून लावतं, पण सुरतेपुढे त्याचं काही चालत नाही. तुकडे हलले, सांध्यांतलं पांढरं सिमेंट सुटलं, पाइप मांज्याने बुजला, आणि जानेवारीचा हिशेब आषाढात पंख्यावाटे चुकता झाला.

उघडीप मिळाल्यावर सांधे खरवडून भरले, स्लॅब आणि कठडा मिळतात तिथे सिमेंटचा गोल उतार काढला, पाइपाला जाळी बसली. पैशांबद्दल बोलत नाही. शेवटची परीक्षा म्हणून सिमेंट पुरतं वाळल्यावर कडियाने पाइपाचं तोंड गोणपाटाने बंद केलं: आता पाणी भरायचं, रात्रभर ठेवायचं, खाली पाहायचं. भरायची वेळ आली नाही, संध्याकाळी आभाळानेच ते काम केलं. आम्ही सारे पंख्याखाली खुर्च्या टाकून माना वर करून बसलो. थेंब नाही! सासूबाईंनी बादली उचलून न्हाणीघरात नेली.

सकाळी कडिया गोणपाट काढायला आला, तोच बेल वाजली. दारात काका, हातात पातेलं. आमच्या तळ्याचं पाणी मधल्या कठड्यापर्यंत चढलं होतं आणि कठड्याची आमची बाजू तेवढी सिमेंटने भरलेली होती.

"स्वयंपाकघरात गळतंय हो, दिव्याच्या होल्डरमधून."

कडियाने खिशातून टेप काढली. हे काही बोलणार, एवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "भावजी, होल्डरच्या बरोबर वर फोडा."