‘लेखनिक ही सवलत’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला

परीक्षा जवळ आल्या की आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. सारांश असा: अंध मुलांना लेखनिक, म्हणजे ते सांगतील ते उत्तर कागदावर उतरवणारा, मिळतो, वर जादा वेळ, समान हक्क हवेत तर सगळ्यांना एकच नियम लावा. उत्तरं लेखनिकच पुरवतो. आणि हे स्वयंसेवक येतात ते प्रमाणपत्रासाठी. मी अकरावीपासून काही वर्षं लेखनिक म्हणून बसलोय, म्हणून हे उत्तर.

‘एकच नियम’ आधी घेऊ. डोळस मुलगा पेपर नजरेखालून घालतो, अडलेला प्रश्न सोडतो, शेवटी परत येतो. अंध मुलीला हे सगळं लेखनिकाच्या तोंडून करावं लागतं. ‘तिसरा प्रश्न पुन्हा वाच.’ ‘दुसऱ्या मुद्द्यात मी काय सांगितलं होतं?’ गणितात तर ‘कंस सुरू, एक्स वर्ग उणे पाच एक्स, कंस पूर्ण, भागिले... थांब, भागिले सगळ्याला.’ केंद्र सरकारच्या २०१८च्या सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा आहेत ती यासाठी. तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो, आणि चौथ्या तासाला दोघांचेही घसे बसलेले असतात. शिवाय जादा वेळ आणि लेखनिक, दोन्ही २०१६च्या अपंग हक्क कायद्याच्या कलम १७मध्ये नावानिशी आहेत. त्यामुळे ‘सवलत’ हा शब्दच चुकलाय.

आता उत्तरं पुरवण्याबद्दल. स्वतःचा लेखनिक आणायचा तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली हवं, असं त्याच सूचना म्हणतात. म्हणजे पुरवायला माल मुळात कमी. तरी कधीकधी आपल्याला येत असतं, आणि तेच सगळ्यात जड जातं. मी अकरावीत, ज्याच्यासाठी लिहीत होतो तो बीएला. पुणे कराराचं साल त्यानं १९३१ सांगितलं. तो करार ज्या येरवड्याच्या तुरुंगात झाला, तिथूनच माझी बस रोज जायची, १९३२ मला पाठ होतं. पेन क्षणभर थांबलं. लिहिलं १९३१. बाहेर आल्यावर राहवेना म्हणून सांगितलं, तर तो म्हणाला, ‘बरं केलंस. नाहीतर माझे बाकीचे मार्कही लोकांनी तुझ्याच नावावर टाकले असते.’

लबाडी होतच नाही असं मी म्हणणार नाही. पण कॉपी डोळस मुलंही करतात. तिथे आपण भरारी पथक पाठवतो, सगळ्यांची पेनं काढून घेत नाही.

‘चाळीस टक्के अपंगत्व नसलेलेही लेखनिक मागतात’ अशी एक ओळ यंदा नव्यानं घातलीय. मागू शकतात. लिहिताना हात आखडणाऱ्या एका यूपीएससी उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये तेच सांगितलं. पुढे.

प्रमाणपत्राचा टोमणा मात्र अर्धा खरा आहे. एनएसएसच्या, म्हणजे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या, मुलांना वर्षाला १२० तास भरायचे असतात. भरू देत की. तासांसाठी आलेल्या मुलीचं अक्षर काही वाईट नसतं. माझा राग वेगळ्यांवर आहे. ‘दादा, उद्या जमणार नाही, सॉरी’ असा मेसेज रात्री दहाला टाकणाऱ्यांवर. सकाळी अकराचा पेपर, नवा माणूस शोधा, त्याचं ओळखपत्र आणा, केंद्राची परवानगी घ्या. हे लोक स्वतःला उपकारकर्ते समजतात, म्हणून त्यांना रजाही हक्काची वाटते. फॉरवर्ड लिहिणारा आणि हे, दोघांच्याही डोक्यात सवलतच बसलेली. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी लेखनिकांची यादी तयार ठेवावी, हेही २०१८च्या सूचनांत आहे. ती नीट चालली तर मी आनंदानं घरी बसेन.

तोवर फोन फिरवणं आलं. मजकूर टाकणाऱ्या काकांना मी ग्रुपवरच विचारलं, तुमची नात नववीत ना, दहावीच्या पेपरांना लेखनिक म्हणून येईल का? दोन निळ्या खुणा आल्या. रात्री उशिरा उत्तर आलं: ‘तिच्या आईला विचारून कळवतो.’