गुलाबी मिठाच्या नादात आयोडीनचं मीठ घरातून काढू नका

सध्या नागपुरात ज्याच्या घरी जावं तिथे ओट्यावर गुलाबी मिठाची बरणी दिसून राहिली, आणि साधं आयोडीनचं मीठ म्हणजे जसं काही विषच असं लोक बोलून राहिले, म्हणून लिहितेय. आमच्या नात्यात एक सून चौथ्या महिन्यात आहे आणि तिच्या वरणात, भाजीत, कणकेत, सगळ्यात तेच गुलाबी मीठ, म्हणजे सैंधव, ज्यात आयोडीन नसल्यासारखंच. काहून, तर म्हणे नॅचरल आहे, व्हॉट्सॲपवर आलं होतं. मला खरंच धस्स झालं.

पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ सुरुवातीचे महिने पूर्णपणे आईच्या थायरॉइड हार्मोनवर चालते, आणि ते हार्मोन आयोडीनशिवाय बनतच नाही. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर बाईला २५०. इतकुसं, पण तेवढंही मिळालं नाही तर लेकराच्या बुद्धीवर जो परिणाम होतो तो नंतर कितीही बदाम चारले तरी भरून निघत नाही. आणि आपण समुद्रापासून किती लांब, इथे मासे खाल्ले तरी बहुतेक तलावाचे, नदीचे, त्यात आयोडीन कमीच.

आयोडीनचं मीठ हे कंपन्यांनी काढलेलं खूळ आहे असं म्हणणाऱ्यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्याचं वाचावं. तिथे गलगंड, म्हणजे आयोडीन कमी पडल्याने गळ्याला येणारी सूज, घरोघरी होता. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या टीमने तिथल्या लोकांना आयोडीनचं मीठ दिलं, गलगंड कमी झाला, मग १९६२ मध्ये सरकारने देशभराचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला.

बीपीचं म्हणाल तर मीठ कमी करा ना, नक्की करा, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. पण सैंधवही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच आहे, त्याने बीपी काही वेगळा वागत नाही. कमी खायचं तर जे थोडं खातो ते आयोडीनचं असू द्या.

उपासाला सैंधव खा, त्याला कोण नाही म्हणते. रोजच्या स्वयंपाकाचं मीठ मात्र पॅकेटवर आयोडाइज्ड लिहिलेलं पाहूनच आणा, गॅसजवळ उघड्या वाटीत ठेवू नका, झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि जमेल तिथे भाजी उतरवताना घाला, कारण फार उकळलं की आयोडीन थोडं उडते. थायरॉइडची गोळी चालू असेल तर फॉरवर्ड वाचून मीठ बदलू नका, आधी आपल्या डॉक्टरला विचारा.