व्हेनिसला जाताय? ती सात ॲपची यादी आधी काढून टाका

परवा सांगलीत विश्रामबागला मावशीकडं गेले, तर ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर चष्मा लावून मोबाईल घेऊन बसलेली. शेजारी वही. वहीत तिच्या मोत्यासारख्या अक्षरात सात ॲपची नावं आणि प्रत्येकापुढं एक चौकोन. सहा चौकोनांत बरोबरची खूण झाली होती. सातव्यासाठी मोबाईल तिला विचारत होता, अनोळखी ठिकाणाहून आलेलं ॲप टाकू द्यायचं का? तिचं बोट परवानगीच्या बटणावर जाणार, तेवढ्यात मी मोबाईल हातातून काढूनच घेतला.

मावशी आणि काका दिवाळी झाली की लेकीकडं म्युनिकला निघालेत. लेकीला सुट्टी नाही, म्हणून नोव्हेंबरात एका रात्रीचा मुक्काम धरून दोघंच रेल्वेनं व्हेनिसला जाऊन येणार. हे ग्रुपवर कळलं आणि लगेच कुणीतरी तो मेसेज पाठवला: ‘व्हेनिसला गाईड नको, फक्त मोबाईल हवा!’ मग सोसायटीच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर, तोच. वर ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’. मावशी म्हणाली, “अगं, एवढ्या लोकांनी पाठवलंय, खोटं कसं असेल?”

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. सरकारी प्रवेशाचं ॲप सक्तीचं, नसेल तर स्टेशनवरूनच परत पाठवतात. टॅक्सीचं ॲप हॉटेलच्या दारात गाडी आणतं. नकाशात पत्ता टाकला की चुकायचं कारणच नाही. गोंडोला ॲपवर माणशी ३०० रुपयांत. यूपीआय सगळीकडं चालतं. बोटीचं तिकीट मोबाईलवर मिळतं. आणि समुद्राच्या भरतीच्या ॲपनं ११० आकडा दाखवला, की छातीभर पाणी समजून खोलीतच बसायचं.

आधी प्रवेशाचं ॲप घेते, कारण बाकीच्यांनी फार तर फजिती होईल, यानं बँकेचं खातं रिकामं होईल.

मेसेजमध्ये त्याची लिंक दिली होती. दाबली की प्ले स्टोअर उघडतच नाही, थेट एक एपीके फाइल, म्हणजे स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल, उतरते. मी ती मावशीच्या फोनवर उघडली नाही, पण ती टाकताना काय काय मागते त्याचे स्क्रीनशॉट मेसेजखालीच कुणीतरी ‘असं करा’ म्हणून जोडले होते. एसएमएस वाचायची परवानगी, कॉन्टॅक्ट्सची परवानगी, आणि शेवटी पासपोर्टचा फोटो. शहरात शिरायला माझे एसएमएस कुणाला कशाला हवेत? एसएमएस वाचता आले की बँकेचा ओटीपी वाचता येतो, कॉन्टॅक्ट्स मिळाले की तीच फाइल तुमच्या नावानं तुमच्या नातेवाइकांना जाते. लग्नपत्रिकेच्या नावानं, वाहनाच्या चलनाच्या नावानं हाच प्रकार आपल्याकडं होऊन गेलाय. तेव्हा पत्रिका होती, आता व्हेनिस आहे.

यात अर्धं खरं आहे, आणि त्यामुळंच माणसं फसतात. व्हेनिसनं खरोखर प्रवेशशुल्क सुरू केलंय. २५ एप्रिल २०२४ ला सुरुवात झाली, त्या वर्षी २९ दिवस, माणशी ५ युरो. २०२५ ला दिवस वाढवून ५४ केले आणि अगदी शेवटच्या चार दिवसांत नोंदणी करणाऱ्याला १० युरो लावले. पण हे नगरपालिकेच्या स्वतःच्या साइटवर सगळं लिहिलेलं आहे, सीडीए डॉट व्हीई डॉट आयटी. मी मावशीच्या शेजारी बसून तीच उघडली आणि एकेक ओळ तिला सांगितली. शुल्क फक्त ठरावीक दिवशी, तेही सकाळी साडेआठ ते दुपारी चार. फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांना. शहरात मुक्काम करणाऱ्यांना माफ, कारण ते हॉटेलात पर्यटन कर भरतात. शुल्काच्या दिवशी त्यांनी फक्त माफीचा कोड काढून ठेवायचा, तोही फुकट. १४ वर्षांखालच्या मुलांना माफ. कोणतंही ॲप टाकायची सक्ती नाही. साइटवरून क्यूआर कोड मिळतो, तो कागदावर छापून नेला तरी चालतो. विनाशुल्क सापडलात तर दंड आहे, ५० ते ३०० युरो. स्टेशनवरून परत पाठवणं वगैरे काही नाही.

आणि २०२४ काय, २०२५ काय, शुल्काचे सगळे दिवस एप्रिल ते जुलैमधले होते. मावशी जाणार नोव्हेंबरात, मुक्कामाला! जे तिला भरायचंच नाही, त्यासाठी ती पासपोर्टचा फोटो कुणा अनोळखी माणसाला देणार होती. मला हे सांगताना अजून हात थरथरतात.

ज्यांनी ती फाइल टाकली असेल त्यांनी आत्ता नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं गोठवा आणि १९३० ला फोन लावा. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. पैसे गेले असतील तर तासागणिक फरक पडतो. लाजू नका.

टॅक्सीचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. गाडी मुख्य भूमीवरून पूल ओलांडून पियाझ्झाले रोमापर्यंत येते आणि तिथं रस्ता संपतो. पुढं बोट नाहीतर पाय. सायकललासुद्धा बंदी आहे. काकांचा गुडघा दुखतो आणि त्या शहरात चारशेच्या वर पूल आहेत, बहुतेकांना पायऱ्या. हे त्या मेसेजमध्ये कुठंही नाही.

यूपीआय पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या तिकिटाला २०२४ पासून चालतं, ते खरं. म्हणून व्हेनिसच्या कॉफीवाल्यापुढं आपला स्कॅनर असेल असं धरून जायचं नाही. परदेशात चालणारं कार्ड आणि थोडे रोख युरो ठेवा.

गोंडोलाचा दर नगरपालिकेनं ठरवलेला आहे, दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. हा माणशी नव्हे, नावेचा दर. जास्तीत जास्त पाच जण बसतात. म्हणजे दोघांना नऊ हजार रुपयांच्या आसपास. ३०० रुपयांत ॲपवर आगाऊ बुकिंग घेणारा कोण असेल, ते वर सांगितलंच आहे. नुसतं गोंडोलात पाय ठेवायचा असेल तर ‘त्रागेत्तो’ विचारा. मोठा कालवा आरपार ओलांडणारी ही नाव असते, आपल्या नावाड्यासारखाच माणूस वल्हवतो, परक्यांना २ युरो पडतात. मला विचाराल तर मावशीला तेच आवडेल.

नकाशाबद्दल मी जरा चिडूनच बोलते, कारण मी त्यात अडकलेय. दोन वर्षांपूर्वी चार दिवस तिथं होते. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर भिंतींना टेकतात, आणि वर उंच घरं. सिग्नल भिंतींवर आपटून येतो, त्यामुळं निळा ठिपका कालव्याच्या पलीकडं उडी मारतो. मी बॅग ओढत ज्या गल्लीत शिरले, तिच्या शेवटच्या तीन पायऱ्या शेवाळलेल्या आणि पुढं हिरवं पाणी. फोन म्हणत होता, सरळ जा. पत्त्याची पद्धतही वेगळी. घरनंबर रस्त्याचा नसतो, भागाचा असतो. शहराचे सहा भाग, त्यांना सेस्तिएरे म्हणतात, आणि एका भागात नंबर हजारोंत जातात. कास्तेल्लोत तर सहा हजारांच्या पुढं. नुसतं ‘कास्तेल्लो’ आणि नंबर यावरून घर सापडत नाही. आपण कसं सांगतो, गणपती पेठेत, अमुक दुकानासमोरचा बोळ? तसंच हॉटेलवाल्याला विचारायचं: जवळचा बोटीचा थांबा कुठला, चौक कुठला, चर्च कुठलं. तेवढं मी मावशीच्या वहीत लिहून घेतलं. भिंतींवर पिवळ्या पाट्या असतात, ‘पेर रियाल्तो’, ‘पेर सान मार्को’, ‘आल्ला फेर्रोविया’ म्हणजे स्टेशनकडं. त्या ठिपक्यापेक्षा भरवशाच्या. ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा हा मेसेजमधला सल्ला मात्र योग्य आहे, तो मी काढला नाही.

बोटीच्या तिकिटाचंही मान्य. तिथल्या वाहतूक कंपनीचं एव्हीएम व्हेनेत्सिया हे अधिकृत ॲप आहे, त्यावर तिकीट मिळतं. ७५ मिनिटांचं एक तिकीट साडेनऊ युरो असल्यानं दोन दिवसांत बऱ्याचदा चढायचं तर पासच घ्यावा. पण तिकीट बोटीत चढण्याआधी सुरू करावं लागतं, नाहीतर ते असून नसल्यासारखं. आणि विमानतळाच्या अलिलागुना बोटींना हा पास चालत नाही. मेसेजनं हे दोन्ही गाळलंय.

आता भरती. सांगलीच्या माणसानं ‘११० म्हणजे छातीभर पाणी’ पुढं पाठवावं, याचं मला खरंच वाईट वाटतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४५ फूट ही आपली धोक्याची पातळी. म्हणून काय मारुती चौकात ४५ फूट पाणी असतं? पातळी कुठून मोजतात हे आपल्याइतकं कुणाला कळणार! ऑगस्ट २०१९ ला आयर्विनला ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गावभागातलं आमचं अख्खं घर मावशीकडंच आलं होतं. रोज पहाटे आम्ही आधी फूट विचारायचो, मग चहा.

व्हेनिसचंही तसंच आहे. तिथला आकडा १८९७ च्या सरासरी समुद्रपातळीपासून मोजलेला असतो. ८० सेंटिमीटरच्या आसपास सान मार्कोचा चौक, म्हणजे सगळ्यांत सखल भाग, ओला व्हायला लागतो. ११० ला शहराचा साधारण १२ टक्के भाग पाण्याखाली येतो, तेही बहुतेक ठिकाणी घोट्याएवढं. पालिका लाकडी फळ्यांचे उंच मार्ग टाकते, लोक बूट घालून कामाला जातात. आणि कोयनेतून विसर्ग सोडल्यावर आपल्याकडं पाणी दिवसेंदिवस मुक्काम करतं, तसं तिथं नाही. भरतीचं पाणी काही तासांत ओसरतं. १२ नोव्हेंबर २०१९ ला, आपल्या पुराच्याच वर्षी, तिथं १८७ सेंटिमीटर झालं होतं, ते मात्र भयंकर होतं. १९६६ च्या १९४ नंतरचं सगळ्यांत मोठं. पण ऑक्टोबर २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी मोझे नावाचे ७८ दरवाजे आहेत. साधारण ११० चा अंदाज असला की ते उभे करतात आणि भरती बाहेरच अडते. म्हणजे ज्या आकड्याला मेसेज घाबरवतोय, त्याच आकड्याला आता दरवाजे बंद होतात. ॲप ठेवा. पालिकेच्या भरती केंद्राचं ‘हाय टाइड’ चांगलं आहे. फक्त तो आकडा आयर्विनच्या फुटांसारखा वाचा.

मावशीच्या वहीत आता तीन खुणा राहिल्यात: बोटीचं, भरतीचं, आणि ऑफलाइन नकाशा. हॉटेलजवळच्या थांब्याचं नाव काकांनी एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवलंय.

तो मेसेज मात्र अजून आमच्या तीन ग्रुपवर आहे. मुदत असेल तर पाठवणाऱ्याला तो काढता येतो, आणि ॲडमिनला दुसऱ्याचाही. आज रात्री काढा.