पिन बसेपर्यंत

आमच्या घरात एक खण आहे. त्यात मुक्त बाजारपेठ राहते.

बॅटरी दोन टक्क्यांवर आली की तो उघडावा लागतो. एक वायर ओढली की सहा येतात, एकमेकींच्या गळ्यात गळे घालून. एक जाड पिनेची, एक गोल, एक चपटी. एक कॅमेऱ्याची आहे. कॅमेरा केव्हाच गेला, वायर मागे उरली. बाजाराने दिलेल्या या निवडीच्या स्वातंत्र्यातून आपली वायर सापडेपर्यंत फोन मान टाकतो. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने १७७६ साली बाजार चालवणाऱ्या ज्या अदृश्य हाताबद्दल लिहिलं, त्यानेच हा गुंता केला असणार. घरातलं दुसरं कोणी कबूल होत नाही.

म्हणून युरोपीय संघाने २०२२ साली कायदा करून २८ डिसेंबर २०२४पासून तिथल्या नव्या फोनना चार्जिंगसाठी टाइप-सी ही एकच पिन सक्तीची केली, तेव्हा 'सक्ती' शब्दानेच बिथरणाऱ्या मला चक्क मोकळं वाटलं. कंपन्यांचं गेलेलं स्वातंत्र्य थेट माझ्या खणात आलं की!

मेहुणा बाजाराचा कट्टर भक्त. म्हणाला, "दाजी, २००९ साली कंपन्यांनी युरोपीय आयोगाशी करार करून मायक्रो-यूएसबी ठरवली होती. तेव्हाच तिचा कायदा झाला असता तर?"

मी गप्प. मायक्रो-यूएसबी म्हणजे सुलट घातली तर न जाणारी, उलट घातली तरी न जाणारी आणि पुन्हा सुलट घातली की निमूट जाणारी पिन. रात्री अंधारात तिच्याशी झटापट करायची, तीही कायद्याने? मुद्दा बिनतोड होता. मेहुण्याचा असूनही.

त्यात पुन्हा त्याच २००९ साली युरोपीय संघाने कुकीजसाठी, म्हणजे वेबसाइट आपल्या फोनवर ठेवतात त्या नोंदींसाठी, वाचकाची संमती घ्यायचा नियम केला. हेतू सोन्यासारखा. पण आता पाऊस येणार का बघायला जावं, तर आधी संमतीची पाटी आडवी. 'सर्व मान्य' ठसठशीत. 'नाही' मात्र 'अधिक पर्याय'च्या पोटात, तिथून आणखी एका यादीत, शेवटच्या ओळीत फिकट अक्षरांत. माझ्या हक्काचं रक्षण करत मी तिथवर पोचलो, तेव्हा बाहेर पाऊस पडून गेला होता. हल्ली मी न वाचता सगळं मान्य करतो.

परवा मेहुण्याने विचारलं, "दाजी, टाइप-सी वायर आहे का?"

"चार आहेत," मी ऐटीत खण उघडला.

चारही बसल्या. एकीने फोन चार्ज होतो पण फोटो जात नाहीत, दुसरीने रात्रभरात अकरा टक्के होतात, तिसरी वाकडी धरावी लागते. चौथी चांगली आहे. ती मी दाखवली नाही.